शाकाहारी बगळ्यांची फिर्याद

फार मागे एका तळ्यावरच्या बगळ्यांनी शाकाहारी मंडळ काढलं होतं. सभासद सकाळभर एका पायावर उभे राहायचे, मासळीचं नावही काढायचे नाहीत. एकदा टिटवी तळंभर ओरडत सुटली, "मंडळाच्या चोचींना मासळीचा वास येतो!"

झालं, बगळ्यांनी तिच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. निवाड्याला म्हातारा रेडा बसला, गळ्यापर्यंत पाण्यात.

"रेडेदादा," टिटवी म्हणाली, "साक्षीपुरावे महिनाभर चालले तर माझी अंडी उबवायची कोणी? ही फिर्याद उंबऱ्यावरूनच परत पाठवा."

"आणि आमची अब्रू?" बगळे कोकलले.

"साक्षीदार राहू देत," रेडा म्हणाला. "नुकसान काय झालं, तेवढं वाचा."

अध्यक्ष बगळ्याने मान ताठ करून वाचलं, "हिच्या ओरडण्याने मासे सावध झाले. चार दिवस एकही काठाकडे फिरकला नाही. आमचे सभासद उपाशी मरताहेत!"

रेड्याने कान हलवले. "टिटवे, तू जा. अंडी गार होतील."

त्याच दुपारी मंडळाची तातडीची सभा भरली. मासळी सोडू या, असं कोणीच म्हणालं नाही. अध्यक्ष तेवढा बदलला.