निघाली, निघाली!

पेट्रोल स्वस्त होतं ते दिवस सरले, त्यानंतरची ही गोष्ट. एका फाट्यावर चिंचेखाली इलाहीभाईंची वडापची जीप उभी असायची. दहा माणसं भरल्याशिवाय ती सुटायची नाही, पण आता निघतेच आहे असं लोकांना वाटावं म्हणून इलाहीभाई इंजिन चालूच ठेवायचे आणि ओरडायचे, “चला, निघाली, निघाली!”

त्या सकाळी पेट्रोल पुन्हा महागलं.

“आता मी चालू तरी कशावर?” जीपने विचारलं.

“बॅटरी बसवून घे की,” शेजारची नवी रिक्षा म्हणाली.

“आणि वीज गेली म्हणजे? त्यापेक्षा माझ्यासारखा कडबा खा,” पवळ्या बैल रवंथ करत म्हणाला.

“छट्! उसाच्या मळीपासून केलेलं इंधन घे,” साखर कारखान्याचा टँकर गुरगुरला.

जीपला तिघांचंही पटलं, त्यामुळे तिला काहीच सुचेना. ती तशीच धडधडत राहिली.

धुराने बेजार झालेली चिंच म्हणाली, “कशावर चालायचं ते ठरव सावकाश. पण बाई, तासभर तू जागची हललेली नाहीस. मग एवढं जाळतेस कशाला?”

“अगं, न जाळता उभी राहिले तर कुणी बसेल का माझ्यात?” जीप आणखीच गोंधळली.

तेवढ्यात दहावा माणूस चढला. “चला, निघाली!” इलाहीभाई ओरडले, आणि या खेपेला ते खरंच सांगत होते.

जीपने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. टाकीत थेंबही उरला नव्हता.