ज्ञानूचा म्हसोबा

"मग बुवा, तुम्ही त्या बायकांना दम देणार, का मी बंदूक काढू?"

सुभेदार हिंदुराव जगदाळे मठाच्या ओट्यासमोर उभे राहून ओरडत होते. फौज सोडून बावीस वर्षं झाली, पण आवाज अजून परेडवरचाच. माणूस मुलखाचा रागीट. पण त्या सकाळचा त्यांचा राग खरा होता, एवढं मला कबूल केलंच पाहिजे.

केशवगिरी बुवा शेंगा सोलत होते, मी शेजारी बसलो होतो.

"काय केलं बायकांनी?"

"माझ्या ज्ञानूचा म्हसोबा केला!"

ज्ञानू शेवाळे हा सुभेदारांच्या तुकडीतला शिपाई. लढाईत गेला. विहिरीच्या वाटेवर त्याच्या नावाचा दगड सुभेदारांनीच उभा केला होता. कुणा बाईने जाताजाता त्यावर तांब्याभर पाणी घातलं, दुसरीने शेंदूर लावला, आणि ती रीतच पडली. आता नाव दिसेनासं झालं होतं.

"अहो, देव नव्हता तो. शिपाई होता! एकवीस वर्षांचं पोर! त्याचं नाव पुसायचं? शेंदूर काय फासत्यात, रोज पाणी काय ओतत्यात... आजपासून सगळं बंद. तुमचं ऐकतील त्या. सांगा त्यांना."

बुवांनी कोपऱ्यातलं खुरपं उचललं.

"चल."

मीही मागोमाग गेलो.

दगडापाशी बुवांनी खुरपं सुभेदारांच्या हातात दिलं. शेंदराचा थर चांगला बोटभर होता. सुभेदार खरवडत होते आणि तोंडाने शिव्या चालू होत्या. शेवटी अक्षरं दिसली.

"वाच. मला दिसत नाही," बुवा सुभेदारांना म्हणाले.

"शिपाई ज्ञानू शेवाळे. हसत हसत मरणाला सामोरा गेला."

"हसत होता?"

सुभेदार खाचांत उरलेला शेंदूर नखाने काढू लागले.

"तुला विचारलं मी. हसत होता?"

"कोण हसतंय हो मरताना!"

सुभेदारांनी खुरपं भिरकावून दिलं.

"पोटात गोळी होती त्याच्या. डोकं माझ्या मांडीवर. पाणी मागत होता. पोटात गोळी लागली की पाणी द्यायचं नाही, असा हुकूम. बाटली माझ्याच कमरेला, भरलेली. सारखा तिच्याकडं बघायचा. साहेब, एक घोट... म्हणून रडला. मग आईवरनं शिव्या दिल्या मला. नाही दिलं मी! सकाळपासनं दुपारपर्यंत... नाही दिलं! आणि तरी मेलाच की तो!"

विहिरीकडून एक बाई घागर घेऊन येत होती. दगडापाशी सुभेदारांना पाहून ती थबकली. हातातला भरलेला तांब्या तिने घाईघाईने पदराआड लपवला.

बुवांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"आणि आता ही त्याला पाणी देते, तेही तोडायला निघालास?"