बघ्याचा दगड

उंबरघाटच्या टेकडीवर नदीकडे तोंड करून एक काळा दगड उभा आहे. पुरुषभर उंच, वरून छत्रीसारखा पसरट. त्याला शेंदूर नाही, नारळ नाही. गावकरी त्याला ‘बघ्या’ म्हणतात. खाली घाटावर मात्र गूळ कढवायची एक जुनी काहील पालथी घातलेली असते आणि तिला दर अवसेला हळदकुंकू वाहतात. दगड सोडून कढई पुजणारे हे कसले गाव, असे पाहुण्यांना वाटते. मग त्यांना गोजराची गोष्ट सांगावी लागते.

गोजरा भोईण. नवऱ्यामागे घाटावरची नाव तीच वल्हवायची. तेव्हा संस्थानचा अंमल होता. घाटावर तीन नावा, तिन्ही सरकारी. पावसाळ्यात त्यांना साखळदंड घालून कुलूप लावत आणि किल्ली टेकडीवरच्या कमाविसदाराकडे असे. वसुलीपासून बंदोबस्तापर्यंत सगळा मुलखाचा कारभार त्याच्याच हाती.

एका श्रावणात, असे सांगतात, नदी सकाळीच पलीकडच्या मळीत, काठच्या सखल वस्तीत, शिरली. चाळीस माणसे देवळाच्या छपरावर चढली. गोजराची लेक सुंद्रा तिकडेच दिलेली, दिवस भरलेले. तिला चढवेना, म्हणून ती चिंचेच्या पारावर खोडाला धरून उभी राहिली.

गोजरा धावत टेकडी चढली. कमाविसदार छत्रीखाली उभा राहून पूर न्याहाळत होता.

“सरकार, मानसं अडकल्यात. नावा सोडा.”

“आम्ही बघतो,” तो म्हणाला.

इथेच घोटाळा झाला. उंबरघाटात त्या वेळी ‘मी बघतो’ म्हटले की काम झाले म्हणून समजायचे. भाचीच्या लग्नात मामा ‘मी बघतो’ म्हणाला, की आईने निर्धास्त व्हावे. या शब्दाला दुसराही अर्थ असतो हे गोजराला कुठून ठाऊक असणार? ती काठावर आली आणि तोंडाशी हात धरून ओरडली, “सुंद्रे, दम धर! सरकार बघतंय!”

मळीतल्या तरण्यांनी केळीच्या खुंटांचा ताफा बांधला होता. तिघे कसेबसे मावत, आणि धारेला लागला की उलटा येणे नाही. त्यांनी सुंद्राला हाका मारल्या. तिने दुसऱ्यांना न्यायला सांगितले. आईच म्हणाली होती ना, सरकार बघतंय.

दुपारी गोजरा पुन्हा टेकडी चढली. कमाविसदार होता तिथेच होता. हुजुरांना लिहिले आहे, हुकूम आला की बघतो, म्हणाला. आणि खरेच, सकाळपासून त्याने दुसरे काय केले होते? मेला शब्दाला अगदी जागला होता!

तेव्हा गोजराला तो शब्द कळला. ती भांडत बसली नाही. तडक गुऱ्हाळावर गेली, बायका गोळा केल्या आणि काहील गडगडवत पाण्यात लोटली. काहील गोल, वल्हे मारले की गरकन फिरते. पण हात भोयाच्या बाईचे होते. ती आधी पाराकडे गेली. तिथे चिंच नव्हती, पारही दिसत नव्हता. ती क्षणभर थांबली म्हणे. मग देवळाकडे वळली. दिवस मावळेपर्यंत खेपा करकरून तिने छपरावरचे एकूण एक माणूस अलीकडे आणले.

शेवटची खेप झाल्यावर ओल्या लुगड्यानिशी ती तिसऱ्यांदा टेकडीवर गेली. “सरकार,” ती म्हणाली, “आता बघतच ऱ्हावा.”

तो राहिला. काही शहाणे म्हणतात, त्याची बदली झाली, दगड आधीपासूनच होता. असेलही. पण बदलीची गोष्ट कोण कशाला ऐकेल?

आजही उंबरघाटात कोणी ‘बघतो’ म्हणत नाही. ‘करतो’ म्हणतात, नाहीतर सरळ ‘जमायचं नाही’. सोयरिकीला आलेला पाहुणा ‘बघून कळवतो’ म्हणाला, तर त्याचा चहा चुलीवरच राहतो. आजही काहिलीला साखळी नसते. मागच्या पुरानंतर एक साहेब पाहणीला आले. टेकडीवर उभे राहून सगळे ऐकून घेतले आणि सवयीने म्हणाले, “बघतो आम्ही.”

भोयांच्या म्हाताऱ्या हौसाक्काने शांतपणे बघ्याशेजारची जागा पदराने झटकली.

“मग हितंच उभं ऱ्हावा, सायेब. जागा हाय.”