नागकड्यावरचा आडवा साग

फार पूर्वी शिलावती नगरीत जयकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका सुताराच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सुनेमी. वयात आल्यावर डोंगरातून लाकूड उतरवण्याच्या कामात त्याचा हात असा बसला, की जिथे बैल पोचत नाही आणि हत्तीही पोचत नाही, तिथले झाड सुनेमीनेच उतरवावे अशी त्या मुलखात रीतच पडून गेली. तीस वर्षांत त्याच्या कामावरचा एकही माणूस जायबंदी झाला नव्हता. कोणी कारण विचारले तर तो म्हणे, "मी आधी डोंगर पाहतो, मग झाड पाहतो."

एका वैशाखात त्या मुलखात मोठे वादळ झाले. नगरीच्या उत्तरेला नागकडा नावाचा उभा डोंगर होता. त्याच्या उतारावर एक जुना साग होता, चार माणसांच्या कवेत न मावणारा. वादळाने तो मुळासकट उपटला आणि उतारावर आडवा पाडला. मात्र तो खाली गेला नाही. मुळांचा अर्धा गड्डा मातीत रुतून राहिला, मधले खोड एका कातळाला टेकले आणि खालच्या अंगाच्या फांद्या टेकूसारख्या जमिनीत घुसल्या. कातळ आणि फांद्या यांच्या आधारावर एवढे मोठे झाड उतारावर तोलून राहिले होते. त्याच्या नेमके खाली, डोंगराच्या पायथ्याशी, बुरुडांची वस्ती होती. तीसेक घरे, वेळूची बेटे आणि एक बारमाही झरा.

त्याच वर्षी राजा नवे सभागृह बांधीत होता. त्याच्या मनात होते, की सभागृहाच्या छपराचे आढे एकाच अखंड खोडाचे असावे, मधे कुठे सांधा नको. पडलेल्या सागाची वार्ता ऐकून तो आनंदला. त्याने आपला राजसुतार उपल आणि सुनेमी या दोघांना बोलावून घेतले.

"ते झाड मला अखंड हवे आहे," राजा म्हणाला. "जो आणील त्याला राजसुताराचे पद कायमचे, त्याच्या मुलाबाळांनाही."

सुनेमी दोन दिवस नागकड्यावर राहिला. दोर बांधून तो उतारावर उतरला, माती मुठीत घेऊन दाबून पाहिली, खोडावर कान ठेवून ऐकले. परत येऊन त्याने सांगितले, "महाराज, हे झाड अखंड निघणार नाही. त्याचे तुकडे करावे लागतील. शेंड्याकडून सुरुवात करायची, एकेक फांदी हलकी करीत बुंध्याकडे यायचे, मुळे अगदी शेवटी. पावसाळ्याच्या आत मी ते उतरवीन. वस्तीतले एक मडकेही फुटणार नाही, याची मी हमी देतो."

"आणि माझे आढे?"

"ते या झाडातून मिळणार नाही, महाराज."

राजाचा चेहरा उतरला. तेव्हा उपल पुढे झाला. तो हुशार कारागीर होता, त्याने बांधलेली दारे वीस वर्षांत कुरकुरली नव्हती. पण त्याचे सारे आयुष्य नगरीतल्या कारखान्यात, सपाट जमिनीवर गेले होते. तो म्हणाला, "महाराज, कड्याच्या माथ्यावर सपाटी आहे. तिथे दहा हत्ती उभे राहतील. सोळा दोर लावून मुळे तोडली, की झाड वर ओढून घेता येईल."

सुनेमी म्हणाला, "उपला, मुळे तुटली की सगळा भार दोरांवर येईल. माथ्याची कड धारदार आहे. दोर तिथे घासणार."

"कडेला कातडे अंथरीन."

"आणि झाड सुटले तर?"

अमात्य दंडसेन मधेच म्हणाला, "बुरुडांना त्या दिवसापुरते हलवू. घरे मोडली तर दुसरी बांधून देऊ. त्यात काय एवढे?"

"माणसे चालत जातील, अमात्य," सुनेमी म्हणाला. "झरा कुठे जाईल? एवढे खोड घसरत गेले तर उतार सोलून काढील आणि झऱ्याचे तोंड बुजेल. वेळूची बेटे वाहून जातील. ज्या वेळूवर त्यांची चूल पेटते, तो पुन्हा उभा राहायला अर्धे आयुष्य लागेल."

राजाने थोडा विचार केला. पण अखंड आढ्याचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याने काम उपलला दिले. सुनेमीने नमस्कार केला आणि रागलोभ न धरता तो बाहेर पडला.

तो घरी गेला नाही, तडक बुरुडांच्या वस्तीत गेला. तिथे वेणुका नावाची म्हातारी सर्वांत जाणती होती. सुपे विणता विणताच ती भांडणे मिटवी आणि लग्नेही जुळवी. सुनेमीने तिला सगळे सांगितले.

"मावशी, परवा ते झाड ओढणार आहेत. त्या दिवशी सगळ्यांनी समोरच्या टेकडीवर जाऊन बसा. शेळ्याकोंबड्या न्या, आजाऱ्यांना खाटेवर घालून न्या."

वेणुकाने हातातली कामटी खाली ठेवली. "आणि तू काय करणार, सुतारदादा? तुझं काम तर काढून घेतलं."

"मी माथ्यावर जाऊन उभा राहणार."

"कशाला? चुकलं की बघायला?"

"नाही. चुकले तर हात द्यायला कोणीतरी जवळ असावे म्हणून."

म्हातारीने अर्धे विणलेले सूप बाजूला सारले. मग ती उठली आणि घरोघर सांगत निघाली.

ठरल्या दिवशी सकाळी राजा परिवारासह कड्याच्या माथ्यावर आला. हत्ती रांगेत उभे होते. उपलच्या माणसांनी मुळे तोडायला घेतली. शेवटचे जाड मूळ तुटताच खोड कण्हल्यासारखे वाजले आणि दोर ताणले गेले. माहुतांनी हत्ती पुढे काढले. झाड एक हात वर सरकले, मग दोन हात. माथ्यावरच्या लोकांनी जयघोष केला.

तेवढ्यात खालच्या अंगाची एक फांदी कातळामागे अडकली. उपल स्वतः कुऱ्हाड घेऊन खाली उतरला. आपल्या माणसाला धोक्यात पाठवून आपण वर उभे राहणारा तो नव्हता. त्याने फांदीवर दोन घाव घातले असतील नसतील, तोच माथ्याच्या कडेवर अंथरलेले कातडे फाटले. एक दोर तुटला, पाठोपाठ आणखी तीन. खोड गरकन फिरले, खाली घसरले आणि पुन्हा कातळावर येऊन आदळले. तीच अडकलेली फांदी उपलच्या मांडीवर आली आणि त्याचा पाय फांदी व जमीन यांच्यामध्ये सापडला.

मजूर ओरडत वर पळाले. हत्ती बिथरले. "ओढा! हत्ती पुढे काढा!" असे दंडसेन ओरडू लागला.

"थांबा!" सुनेमीचा आवाज माथ्यावर घुमला. "हत्ती पुढेही नको आणि मागेही नको. आहेत तिथेच उभे करा. दोर हातभरही हलला तर तो माणूस गेला."

त्या आवाजात अशी खात्री होती, की माहुतांनी राजाच्या आज्ञेची वाट पाहिली नाही. त्यांनी हत्ती जागीच रोखले. सुनेमीने कमरेला दोर बांधला, करवत, कुदळी आणि पाचरींची थैली घेतली आणि तो उतरू लागला.

उपलचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो शुद्धीवर होता. सुनेमीला पाहून तो म्हणाला, "वरचे दोर तोडायला सांग. झाड खाली जाईल, मी मोकळा होईन. वस्ती रिकामी आहे ना?"

"रिकामी आहे."

"मग तोड ना दोर! वाट कसली बघतोस?"

सुनेमी त्याच्या शेजारी बसला. "उपला, दोर तोडले तर झाड आधी तुझ्यावरून जाईल. शिवाय खाली झरा आहे, तो मी लोकांना राखून देणार आहे. तुलाही बाहेर काढणार आहे. दोन्ही होईल. तू फक्त माझ्याशी बोलत राहा, म्हणजे शुद्ध राहील."

"काय बोलू?"

"नगरद्वाराचे कवाड तू बांधलेस. त्याची बिजागरी कशी बसवलीस ते सांग."

उपल आधी रागावला, मग हळूहळू सांगू लागला. त्याच्या बोलण्याबरोबर सुनेमीचे हात चालू होते. आधी त्याने खोडाखाली पाचरी ठोकल्या, कातळाच्या दोन्ही बाजूंना, एकेक करून, ज्या बाजूला खोड कलू पाहत होते त्या बाजूला जास्त. मग तो फांदीकडे वळला. फांदी धनुष्यासारखी वाकलेली होती. एका घावात तोडली असती तर ती उसळून उपलचे डोकेच फोडती. म्हणून सुनेमीने आतल्या, दबलेल्या अंगाला करवतीची बारीक खाच घेतली आणि तो थांबला. लाकूड करकरले आणि खाच थोडी मिटली. त्याने बाजूला दुसरी खाच घेतली, पुन्हा थांबला. अशा कितीतरी खाचा त्याने घेतल्या. ताण थोडा थोडा सुटत गेला.

वरून राजाने निरोप पाठवला, "इतका उशीर का?"

सुनेमीने मान वर न करता उत्तर दिले, "महाराजांना सांगा, ताण एकदम सुटला तर मारतो, हळूहळू सुटला तर निमूट निघून जातो. मी तो हळूहळू सोडवतो आहे."

राजा माथ्याच्या कडेला जमिनीवर बसला. छत्र धरणाऱ्याला त्याने हाताने दूर केले आणि तो खाली पाहत राहिला. सूर्य माथ्यावर आला, मग कलला. राजाने त्या दिवशी अन्न घेतले नाही. एक माणूस आपला प्रतिस्पर्धी असलेल्या दुसऱ्या माणसासाठी काडी काडी लाकूड कापतो आहे, एवढेच तो पाहत होता.

शेवटी फांदीत ताण उरला नाही, तेव्हा सुनेमीने ती तशीच राहू दिली आणि उपलच्या पायाखालची माती कुदळीने, मग हातांनी उकरली. खळगा पुरेसा खोल होताच पाय खाली आला आणि मोकळा झाला. हाड मोडले होते, पण पाय वाचणार होता. सुनेमीने त्याला पाठीवर बांधले आणि खूण केली. ऊन अजून कड्यावर होते तेव्हाच दोघे वर आले.

राजा उठून उभा राहिला. "सुनेमी, हे झाड तू तुझ्या पद्धतीने उतरव. आणि आजपासून राजसुतार तू."

"झाड उतरवतो, महाराज. पद उपलकडेच राहू द्या."

"का? त्याने चूक केली."

"म्हणूनच. डोंगर काय असतो ते आज त्याला कळले आहे. हे ज्याला कळले आहे असा सुतार महाराजांच्या पदरी असावा. शिवाय अडकलेली फांदी तोडायला तो स्वतः उतरला, दुसऱ्याला पाठवले नाही. असा माणूस घालवू नये."

जवळच गवतावर निजवलेल्या उपलने तोंड दुसरीकडे फिरवले. त्याचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. टेकडीवरून परतलेली बुरुडांची सगळी वस्ती कामाला लागली. वेणुकाने बायकांना बसवून ओल्या वेळूच्या कामट्यांचे दोर वळून घेतले. कड्याच्या कडेवर ते तागाच्या दोरांसारखे कातरले जात नसत. पुरुषांनी मोठमोठी डालगी विणली. शेंड्याकडच्या फांद्या डालग्यांतून खाली गेल्या, मग खोडाचे तुकडे एकेक करून. हत्ती आता वजन तोलून धरायच्या कामी आले. बाराव्या दिवशी फक्त बुंधा उरला. तो कापण्यापूर्वी सुनेमीने सगळ्यांना मागे घेतले. बुंध्याचा भार जाताच मुळे तुटून मोकळा झालेला गड्डा मोठा आवाज करीत उलटा फिरला आणि आपल्या जुन्या खड्ड्यात जाऊन बसला. जवळ कोणीच नसल्याने कोणाला काही झाले नाही.

"आता हा गड्डा काढायचा?" एकाने विचारले.

"नाही," सुनेमी म्हणाला. "त्याच्यावर माती लोटा आणि वेळू लावा. डोंगराला तो हवा आहे."

पहिला पाऊस पडला तेव्हा झरा नितळ वाहत होता.

खाली आलेले तुकडे अखंड आढ्याच्या कामाचे नव्हते. उपल कुबडी घेऊन कारखान्यात आला, त्याने ते मोजले आणि राजाला नवा आराखडा दाखवला. आढे एक नसून अनेक होती आणि त्यांना पेलणारे खांब होते. सभागृह उभे राहिले. त्याच्या मधल्या खांबाजवळ बसून राजा जयकेतू पुढे अनेक वर्षे न्याय देत असे. निवाडा अवघड असला तर तो दोन्ही बाजूंचे बोलणे थोडे थोडे करून, अनेक दिवस ऐके. त्याच्या काळात घाईने झालेली शिक्षा कोणाला आठवत नाही.

पुढे बुद्धपदाला पोचलेल्या बोधिसत्त्वाने, म्हणजेच शास्त्यांनी, ही कथा एका विहाराच्या अंगणात भिक्खूंना सांगितली. ती संपल्यावर ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे हा विहार ज्याने दान दिला तो गृहपती सुयश. अमात्य दंडसेन म्हणजे आज सकाळी तुमच्यात भांडण लावणारा तो वाटसरू. वेणुका म्हणजे रोज संघाला भिक्षा वाढणारी उपासिका नंदवती. उपल म्हणजे भिक्खू विपुल, ज्याने घाईने बांधलेली पडवी काल कोसळली आणि जो लाजेने आज मागे बसला आहे. आणि सुनेमी सुतार मीच होतो. त्या जन्मीही मी विपुलला सोडून दिले नव्हते."

मग ते पुढे म्हणाले, "स्वस्थ बसून राहणे म्हणजे क्षांती, म्हणजेच धीर, असे कोणी समजू नये. हातात करवत असताना, वरून घाईच्या आज्ञा येत असताना, आपल्या कामावर पूर्ण विश्वास ठेवून जो एकेक खाच घेतो, त्याच्या ठायी क्षांती असते. ही क्षांतिपारमिता, म्हणजे धीराची परिपूर्णता होय."

भिक्खू विपुल उठला, त्याने शास्त्यांना वंदन केले आणि पडवीचे दगड पुन्हा रचायला तो निघून गेला.