झरोक्यात बसलेली पाखरं

ऐका रे. या गोष्टीत राजा नाही. राजा असता तर त्याने त्या दोन म्हाताऱ्यांना एका कोठडीत कोंडलं असतं आणि गोष्ट तिथंच आटपली असती. या गोष्टीत आहे एक गाव, गावात एक दगडी चर्च, आणि चर्चमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसणारे दोन हट्टी म्हातारे.

त्या गावात एक नवल होतं, बरं का. तिथं प्रार्थनेचं पाखरू व्हायचं. कुणी डोळे मिटून प्रार्थना केली, शेवटी आमेन म्हटलं, की ओठांतून एक पांढरं पाखरू भुर्रकन उडायचं. छतापाशी एक गोल झरोका होता. त्यातून बाहेर पडायचं आणि थेट देवाकडे जायचं. सगळ्यांना सवय झालेली. कुणी मान वर करूनही बघत नसे.

तर पहिला म्हातारा शांतवनबाबा. नाव शांतवन, पण जन्मात कधी कुणाचं शांतवन केलं नाही. तो भजनं गायचा. दुसरा एलियाबाबा. तो पेटी वाजवायचा. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. लहानपणापासून एका ताटात जेवलेले. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याची बोटं आपोआप पेटीवर.

आणि मग भांडले. कशावरून? सुरावरून. एका ईस्टरला एलियाबाबाने काळी चार सोडून काळी पाच धरली. सूर एक पट्टी वर चढला आणि भर मंडळीत शांतवनबाबाचा गळा फाटला. पोरं हसली. पोरं हसणारच. पण म्हाताऱ्याने ते मनाला लावून घेतलं आणि अबोला धरला. पुढे कित्येक ईस्टर आले. प्रभू दर वर्षी कबरेतून उठला, हा काही रुसव्यातून उठला नाही.

बरं, अबोला म्हणजे गप्प तरी बसावं. तेही नाही. दोघंही मंडळीचे पंच, रविवारी प्रार्थनेचा मान दोघांना. मग शांतवनबाबा डोळे मिटून म्हणायचा, "हे प्रभो, ज्यांना कान दिलेस त्यांना जरा सूरही दे." मंडळी म्हणायची आमेन. मग एलियाबाबा डोळे मिटायचा. "हे दयाळू पित्या, ज्यांचा गळा फाटला त्यांचा गर्वही फाटू दे." मंडळी पुन्हा आमेन. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पाळकसाहेब स्वतःच्या चपलांकडे बघत बसायचे. शेजाऱ्याला टोमणा मारायचा आणि देवाला निरोप्या करायचं, हा यांचा भक्तिभाव.

असल्या प्रार्थनेचं पाखरू काळं व्हायचं, जाडजूड. उडायचं कसंबसं, झरोक्यापर्यंत जायचं आणि तिथंच बूड टेकायचं. पुढच्या रविवारी आणखी दोन. मग आणखी दोन. होता होता झरोका गच्च बुजला. सगळ्या थोरामोठ्यांना दिसत होतं, बरं का. पण पंचांना सांगणार कोण?

आता शांतवनबाबाला होती एक नात, रिबका. एलियाबाबाला होती एक नात, तबीथा. दोघी जिवाच्या मैत्रिणी. आजोबांच्या अबोल्याला त्यांनी कधी भीकच घातली नाही. भिंतीला एक भोक होतं, त्यातून बोरं तिकडे जायची, चिंचा इकडे यायच्या.

एकदा बोरं घ्यायला तिकडून हातच आला नाही. तबीथाला ताप भरला होता. अन्न नको, पाणी नको, कुणाला ओळखही देईना. डॉक्टर आले, औषध देऊन झालं, म्हणाले, आता प्रार्थना करा. रिबका धावत चर्चमध्ये गेली. हात जोडले, आमेन म्हणाली. तिचं इवलंसं पाखरू वर गेलं, काळ्या ढिगावर आपटलं आणि तिच्याच ओटीत येऊन पडलं.

मग तिने बायांना सांगितलं. बायांनी उपास-प्रार्थना ठेवली. पांढरी पाखरं थव्याने वर गेली आणि थव्यानेच खाली पडली. बायांनी काय करावं? ती झाडून कोपऱ्यात लावली आणि चहा घेतला.

मग तिने पाळकसाहेबांना सांगितलं. साहेबांनी क्षमेवर लांबलचक उपदेश केला. दोन्ही म्हातारे ढसाढसा रडले. मग शांतवनबाबाने डोळे मिटले. "प्रभो, मी त्याला क्षमा केली आहे. आता त्याला ती मागायची बुद्धी दे." आतापर्यंतचं सगळ्यात जाड पाखरू त्याच दिवशी वर गेलं.

मग मात्र रिबकाचं डोकं फिरलं. तिने घंटेपाशी ठेवलेली शिडी ओढली, भिंतीला लावली, काखेत पोतं घेतलं आणि चढली. पाळकसाहेब खालून म्हणाले, पोरी, पंचांना विचारलंस का? ती म्हणाली, पंचांचंच सामान आहे, घरपोच करते. ज्याने ज्याला ऐकवलं, त्याचं पाखरू त्याच्या दारात. आजोबांची पाखरं तिने एलियाबाबाच्या अंगणात ओतली, एलियाबाबाची आपल्या अंगणात, आजोबांच्या पुढ्यात.

आणि पाखरं बोलू लागली. एकेक टोमणा, जशाच्या तसा, त्याच आवाजात. शांतवनबाबा संतापला, मग खजील झाला, मग कानांवर हात ठेवून बसला. बोलून झालं की पाखरू विरून जायचं. शेवटी ढिगाच्या तळाशी एकच उरलं. सगळ्यात जुनं, त्या पहिल्या ईस्टरचं. पांढरं होतं, वाळून काडी झालेलं. ते हळूच म्हणालं, "प्रभो, माझं चुकलं, एवढं शांत्याला सांगशील का? मला जमत नाहीये."

इतकी वर्षं ते पाखरू झरोक्यात अडकून होतं. त्याला वर जायचंच नव्हतं, बाळांनो. त्याला भिंतीपलीकडे जायचं होतं.

मग म्हातारा उठला. रिबकाने हात धरला. शेजारच्या दारात एलियाबाबा उभा होता, त्याचंही तोंड उतरलेलं, पायाशी काळी पिसं. आतून तबीथाचं कण्हणं ऐकू येत होतं. शांतवनबाबाने घसा खाकरला, हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं, "हे प्रभो..."

"आजोबा, डोळे उघडा," रिबका म्हणाली. "समोर प्रभू नाही. एलियाआजोबा आहेत."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. त्याला ते फार जड गेलं, बरं का. एवढी वर्षं त्याने त्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. ते किती म्हातारं झालंय हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"एल्या," तो म्हणाला, "पोरं हसली आणि मी राग तुझ्यावर काढला. माफ कर."

"मीच यायला हवं होतं," एलियाबाबा म्हणाला. "भिंत ती केवढीशी."

या बोलण्याचं पाखरूबिखरू काही झालं नाही. ज्याला सांगायचं होतं त्याला थेट पोचलं.

मग दोघं तबीथाच्या उशाशी बसले आणि मिळून प्रार्थना केली. झरोका मोकळा होता. त्यांचं पाखरू गेलं, त्याच्यामागून रिबकाचं गेलं, चर्चच्या कोपऱ्यात झाडून लावलेली सगळी गेली. तबीथाला दरदरून घाम फुटला, ताप उतरला. तिने डोळे उघडले आणि विचारलं, माझी बोरं कुठायत?

रविवारी पेटी काळी चारवर लागली. शांतवनबाबाचा गळा तरीही फाटला. म्हणजे पेटीचा दोष कधी नव्हताच. पोरं हसली, एलियाबाबा हसला, आणि मग तोही हसला. पुढे दोघं एका ताटात जेवत, भांडत, सुखाने राहिले.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा. आणि तिकडे भिंतीकडे तोंड करून कट्टी धरलेले दोघं, तुम्ही आधी कूस बदला, एकमेकांकडे बघा, बोला. मग मिटा.