शेळीनं खाल्लेला डहाळा

फार पूर्वी, शहरांना तट होते आणि माणसांच्या डोक्यावर पागोटी होती, तेव्हाची गोष्ट. पागोट्याखाली डोकं चालायचंच असं नाही. ते आता पागोटी गेली तरी चालत नाही.

एक मामा पहिल्यांदाच राजधानीला निघाला. त्याची धाकटी बहीण ठकू तिथं दिली होती. आईबाप केव्हाच गेलेले, तेव्हा ठकूचं माहेर म्हणजे हा एकटा भाऊ. तोही कधी फिरकत नाही, म्हणून सासू तिला उठताबसता टोचायची. आता ठकूच्या मुलाचं जावळ होतं. पोराचे पहिले केस उतरवायचे ते मामाच्या मांडीवर बसवून, अशी रीत. मुहूर्त भर दुपारचा. "दादा, या खेपेला नक्की ये रे. तांबट आळीत, दगडी विहिरीसमोर घर आहे," असा तिनं निरोप धाडला होता.

वेशीवर पहारेकऱ्यानं मामाला अडवलं. "काय पाहुणं, पहिल्यांदाच आलाय ना? वाका जरा." आणि त्यानं मामाच्या पागोट्यात कडुलिंबाचा एक डहाळा खोचला. "राजाचा हुकूम आहे. हा डहाळा दिसला की इथला माणूस हातचं काम टाकून तुम्हाला हव्या त्या दारात नेऊन पोचवील."

मामाला हे फार झोंबलं. नवंकोरं पागोटं, खास शहरी पद्धतीनं बांधलेलं, आणि त्यात हा पाला! म्हणजे आपण खेडवळ अशी दवंडीच की! वळणावर एक शेळी उभी होती. मामानं इकडंतिकडं बघितलं आणि डहाळा तिच्या तोंडात दिला. शेळीला कसलीच लाज नव्हती. तिनं तो खाल्ला.

मग मामा छाती काढून शहरात शिरला. काय ते शहर! अत्तरवाल्यांच्या बोळात नाक दरवळून निघत होतं, रंगाऱ्यांच्या गल्लीत ओली लुगडी डोक्यावर टपटपत होती, जुन्या कमानींवर पारवे घुमत होते. पण मामानं ठरवलं होतं: वर बघून तोंड वासतात ते खेडवळ, आणि दारांतून डोकावतात ते तर महाखेडवळ. म्हणून तो नाकासमोर बघत झपाझप चालला. मग शहरात आला तरी कशाला, असं त्याला हसू नका. परगावी गेल्यावर तुम्हीही वाट न विचारता तरातरा चालता.

चौकात देवाचा रथ अडला होता. एका पैलवानानं मामाला हटकलं, "काय हो, इथलेच ना तुम्ही?"

"म्हणजे काय! पिढ्यान्‌पिढ्या इथलेच!"

"मग बघता काय असे? धरा दोर! गावकऱ्यानं ओढायचा असतो रथ."

मामानं ओढला. रथ निघाला भलतीकडंच. मामा त्याच्यामागं फरफटत अर्ध्या शहरापार गेला. दोर सोडून पळाला, तर दोन भांडखोर शेजाऱ्यांनी त्याला पकडलं. "तुम्ही जुने रहिवासी दिसता. सांगा, हा ओटा आधी कुणाचा होता?" मामा म्हणाला, "याचा." दुसऱ्यानं त्याची गचांडी धरली. मामा घाबरून म्हणाला, "बरं, त्याचा." मग पहिल्यानं धरली.

कसाबसा सुटला. ऊन चढत होतं. हा बोळ, तो बोळ, पुन्हा तीच कमान. कुठूनशी तांब्यावरची ठकठक ऐकू आली आणि मामा त्या आवाजात शिरला. एक विहीर लागली. पण विहिरी काय, शहरात खंडीभर! कुणाला विचारावं? छे! तो पुढं गेला, हळहळून मागं आला, परत पुढं गेला. विहिरीच्या कठड्यावरचा कावळा म्हणाला, "शेठ, काही हरवलंय का?"

"आम्ही फेरफटका मारतोय," मामा खेकसला.

एवढ्यात मुहूर्ताचा नगारा वाजला. तरी मामानं आणखी चार बोळ पालथे घातले आणि फिरून तो त्याच विहिरीशी आला. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईपुढं तो मटकन बसला. "माई, मी परगावचा आहे गं. मला इथलं काही ठाऊक नाही. ठकूचं घर कुठलं?"

"अगं बाई! हे काय, तुमच्या पाठीमागंच!"

मामा धावत आत गेला. पाटावर एक अनोळखी उंटवाला बसला होता. त्याच्या पागोट्यात कडुलिंबाचा डहाळा, मांडीवर गुळगुळीत डोक्याचा भाचा. प्यायला पाणी मागायला तो दारात आला होता. न्हावी खोळंबलेला, सासू पुटपुटत असलेली, म्हणून ठकूनं त्यालाच भाऊ मानून पाटावर बसवलं होतं.

"ठकू, अगं मी आलो!" मामा म्हणाला.

ठकू त्याच्याकडं बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. "दादा, तू होतास तो? सकाळपासून उंबऱ्यात उभी राहून मी येणाऱ्याजाणाऱ्यांची पागोटी बघत होते, कुठं डहाळा दिसतो का म्हणून. तू इथून गेलास, आलास, परत गेलास. मान वळवून बघितलं नाहीस. मला वाटलं, असेल इथलाच कुणीतरी."

मामाला जे ऐकायचं होतं ते शेवटी एकदाचं ऐकायला मिळालं. उंटवाला पोटभर जेवला, मामाचा मानाचा शेला त्यालाच मिळाला, आणि भाचा पुढं जन्मभर त्यालाच 'मामा' म्हणत राहिला.

बोध एवढाच: परक्या गावात आपण परके आहोत हे सांगायला जो लाजतो, तो आपल्या माणसांनाही परका होऊन बसतो.