मालकाच्या हातचा नारळ

झांबियात तांब्याची अवाढव्य उघडी खाण खोदली जात होती. नवं काम ज्या कड्याखाली सुरू व्हायचं, त्यालाच हात जाईल एवढी भेग पडली आणि गावाकडून आणलेले मजूर खाली उतरेनात. तरी मालक रणदिवेसाहेब काठावरच उभे राहून ओरडले, "भेकडांनो, कडा भक्कम आहे! उतरा, नाहीतर गावी चालते व्हा!"

मुकादम येसाजी खरातांचं डोकं सणकलं. खाली मरणार होती ती त्यांची माणसं. त्यांनी मुहूर्तासाठी आणलेला नारळ साहेबांच्या हातात आदळला.

"नारळ फोडल्याशिवाय आपण काम सुरू करत नाही. मान मालकाचा. चला कड्याखाली!"

साहेबांनी भेगेकडे पाहिलं आणि ते मागे सरकले. "इथूनच फोडतो की! देवाला काय, कुठूनही पोचतो."

"मग तांबंही इथूनच काढतो," खरात गरजले.

त्या दिवशी खाली कुणीच उतरलं नाही.